भेट सरकारची, बिल भट्टीचे

वीजदरवाढीच्या निषेधार्थ कर्नाटक चेंबर ऑफ कॉमर्सने २२ जून २०२३ रोजी बंद पुकारला होता, त्याचे स्मरण सीमाभागातील कारखानदारांस अद्याप असेल. त्या महिन्यात बेळगावचे उद्योजक आणि यंत्रमागधारक वीजबिले हातांत घेऊन रस्त्यावर उतरले. घोषणा झाल्या, निवेदने दिली गेली, ती नेहमीच्या सौजन्याने स्वीकारली गेली, आणि पुढे कुलपे उघडून जो तो आपापल्या कामास लागला. प्रश्न मात्र होता तेथेच राहिला. वीजबिल आले की चार दिवस कपाळाला हात लावावयाचा आणि पाचव्या दिवशी ते भरून मोकळे व्हावयाचे, ही आमच्या भागाची जणू रीतच होऊन बसली आहे.

त्या दरवाढीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. वीज नियामक आयोगाचा आदेश निघाला १२ मे २०२३ रोजी आणि विधानसभेची मतमोजणी झाली १३ मे रोजी! दर युनिटमागे सरासरी ७० पैशांनी वाढले, तेही १ एप्रिलपासून, म्हणजे मागील तारखेने. एप्रिलमध्ये जो माल ओतला, घासला, पेट्यांत भरून रवाना केला आणि ज्याचे पैसेही गिऱ्हाईकाकडून चुकते झाले, त्या मालास लागलेल्या विजेची किंमत जूनमध्ये वाढली. पुण्याच्या कारखान्याकडे जाऊन 'एप्रिलच्या मालाचे आणखी थोडे द्या' असे म्हणणारा ओतकामाचा कारखानदार आमच्या तरी पाहण्यात नाही. पण सरकारी व्यवहारात जे चालते ते बाजारात चालत नाही, हे सरकारास सांगणार कोण? जुने मंत्रिमंडळ जाण्याच्या वाटेवर होते. नवे आले ते म्हणाले, निर्णय आयोगाचा आहे आणि तो आमच्या आधीचा आहे. बिल तेवढे आमचे होते.

त्याच उन्हाळ्यात घरगुती ग्राहकांस महिना २०० युनिटपर्यंत वीज मोफत देणारी गृहज्योती योजना जाहीर झाली. गरिबाच्या घरी दिवा लागतो आहे, ह्याचे आम्हांस वाईट वाटते असे कोणी समजू नये. उद्यमबागेत साचे भरणाऱ्या मोल्डराचे घरही त्या योजनेत येते आणि त्याच्या पत्नीने त्याबद्दल सरकारास दुवा दिला तर तो योग्यच आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. मोफत विजेलाही किंमत असते. ती कोळसा जाळून, पाणी सोडून किंवा कोठून तरी विकत घेऊनच आणावी लागते. ती किंमत सरकारी तिजोरीतून रोख आणि वेळेवर मोजली गेली तर त्यास उदारता म्हणावे. ती कारखान्याच्या बिलात वळती होऊ लागली, तर त्यास आमच्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात.

हा प्रश्न केवळ कारखानदारांच्या नफ्याचा आहे असे समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा एखाद्या फौंड्रीत जाऊन उभे राहावे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळविण्यास सुमारे ६०० युनिट वीज लागते. कच्चे लोखंड, भंगार, वाळू, मजुरी ह्यांच्या जोडीला वीज हा तेथील खर्चाचा मोठा भाग आहे. आणि विजेचा खर्च म्हणजे केवळ वापरलेल्या युनिटांचा खर्च नव्हे. मंजूर मागणीवरील स्थिर आकार आहे, तो काम असो वा नसो, ठरावीक प्रमाणात भरावाच लागतो. इंधनाच्या फरकापोटी महिन्यागणिक बदलणारी आकारणी आहे. त्याखेरीज ९ टक्के वीजकर आहे, जो ३ टक्क्यांवर आणावा ही २०२३ च्या आंदोलनातील प्रमुख मागणी होती. ऑर्डर घेताना कारखानदार वर्षभराचा दर बांधून देतो. वीज मात्र त्याला महिन्याचाही दर बांधून देत नाही.

आणि दर भरूनही वीज टिकत नसेल तर? भट्टीत रस तयार आहे, साचे मांडून ठेवले आहेत, आणि लाईट गेली. घरातील माणूस मेणबत्ती शोधतो. फौंड्रीतील माणसाचा जीव वरखाली होतो. दहा मिनिटांत वीज आली तर निभावते. तासभर आली नाही तर धातू भट्टीतच थिजू लागतो, भट्टीच्या अस्तराला तडे जातात, पाळीची पाळी वाया जाते. जनरेटर लावून भट्टी चालविणे लहान कारखान्यास परवडत नाही. ह्या नुकसानीची नोंद कोणत्याही सरकारी कागदावर होत नाही. बिलात खंडित पुरवठ्याचा रकाना नसतो.

हे भय काल्पनिक आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी यमनापूरकडे पाहावे. १९७० च्या सुमारास इंडियन अल्युमिनियम कंपनीने बेळगावात आपला कारखाना उभारला, तेव्हा शहरास केवढा अभिमान वाटला होता! चंदगड आणि राधानगरीच्या डोंगरांत बॉक्साइट होते, बेळगावास रेल्वे होती, आणि शरावतीच्या धबधब्यावरील नवी वीज तेव्हा म्हैसूर राज्याचे भूषण होती. बॉक्साइटपासून अल्युमिना आणि अल्युमिनापासून धातू, असे दोन्ही टप्पे येथेच होत. धातूचा टप्पा म्हणजे स्मेल्टर, आणि स्मेल्टर म्हणजे विजेचा राक्षस. एक टन अल्युमिनियमला १४-१५ हजार युनिट वीज लागते, आणि ती अखंड लागते. पुढे पावसाने ओढ दिली, केवळ पाण्यावर विसंबलेले राज्य विजेला मोताद झाले, कपातीमागून कपाती आल्या, आणि जी वीज मिळे ती परवडेनाशी झाली. अखेर तो स्मेल्टर बंद पडला. आज हिंडाल्कोच्या नावाने तेथे अल्युमिना तयार होतो, कारखाना नांदता आहे, त्याबद्दल आम्ही समाधानीच आहोत. पण धातू येथे होत नाही. धातू झाला असता तर त्याच्या पाठोपाठ तारा, पत्रे, भांडी, सुटे भाग ह्यांचे किती लहान धंदे ह्या परिसरात वाढीस लागले असते, ह्याचा हिशेब कोणी केला आहे काय? आमच्या डोंगरांतील दगड, आमच्या माणसांचे श्रम, आणि शेवटची व सर्वांत मोलाची पायरी दुसऱ्या कोणाच्या दारात, हे विजेमुळे घडले. त्या वेळी बेळगावात मोर्चा निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

राक्षस गेला, आता चिमण्यांची पाळी आहे काय? उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा येथील फौंड्र्या आणि यंत्रशाळा, वडगाव, खासबाग, शहापूर येथील माग, हे सारे लहान धंदे आहेत. ते एका दिवसात बंद पडत नाहीत. प्रथम तिसरी पाळी बंद होते, मग दुसरी. मग खानापूर तालुक्यातून रोज एस. टी.ने येणाऱ्या पोरांपैकी चार जणांना 'पुढच्या महिन्यात बघू' असे सांगितले जाते, आणि ती पोरे पुण्याची किंवा गोव्याची वाट धरतात. वर्तमानपत्रात ह्याची बातमी होत नाही.

विणकरांची स्थिती पाहू. १० अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागास मोफत वीज आणि २० अश्वशक्तीपर्यंत सव्वा रुपया युनिटचा सवलतीचा दर कर्नाटक सरकारने दिला आहे. घरातच दोन-चार माग चालविणाऱ्या वडगावच्या कुटुंबास त्याचा आधार झाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण ह्या मर्यादेचा परिणाम काय होतो तेही पाहावे. ज्याने कर्ज काढून चार माग वाढविले, किंवा जुना माग मोडून नवा वेगवान माग आणला, तो मर्यादेपलीकडे गेला की सवलतीस मुकतो. म्हणजे लहान राहण्यास बक्षीस आणि वाढण्यास दंड! निपाणी तालुक्यातील माणकापूर आणि बोरगाव ही गावे इचलकरंजीच्या सावलीत वाढली. सूत, गिऱ्हाईक, मिस्त्री, सारे तेच. सीमेपलीकडे महाराष्ट्र सरकारने २०२४ साली २७ अश्वशक्तीखालील मागांस युनिटमागे १ रुपया आणि त्यावरील मागांस ७५ पैसे जादा सवलत दिली. अलीकडे एक पट्टी, पलीकडे दुसरी. दोन्ही बाजूंचे कापड मात्र एकाच बाजारात जाऊन एकाच भावाने विकले जावयाचे असते. व्यापारी कापड हातात घेऊन त्याचा पोत पाहतो, ते कोणत्या राज्याच्या विजेवर विणले हे विचारीत नाही.

येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. 'महाराष्ट्रात गेलो की वीज स्वस्त होईल' असे कोणी आमच्या वाचकांस सांगत असेल तर तो त्यांची दिशाभूल करीत आहे. महाराष्ट्रातील औद्योगिक वीजदर देशातील चढ्या दरांपैकी आहेत. इचलकरंजीचे मागधारक त्याविरुद्ध वेळोवेळी रस्त्यावर आले आहेत. २०१२-१३ च्या सुमारास तर कोल्हापूरच्या उद्योजकांनी ह्याच कारणासाठी कर्नाटकात निघून जाण्याचा इशारा दिला होता. कर्नाटक सरकारशी त्यांची बोलणी झाली आणि निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या परिसराचे नाव जागेसाठी पुढे आले होते. पुरी दहा-अकरा वर्षे लोटतात न लोटतात तोच २०२३ मध्ये कर्नाटकातील उद्योजक शेजारच्या राज्यांत जाण्याची भाषा बोलू लागले! कोल्हापूरचा म्हणतो बेळगावास जातो, बेळगावचा म्हणतो पलीकडे जातो, आणि दोन्ही सरकारे पलीकडच्याला गालिचा अंथरून आपल्या घरच्याला ताटकळत ठेवतात. सीमाप्रश्न आम्हांस भाषेचा, स्वत्वाचा आणि लोकेच्छेचा प्रश्न वाटतो. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि त्याबाबतची आमची भूमिका वाचकांस ठाऊक आहे. तिला युनिटच्या दराचे आमिष जोडून आम्ही ती हलकी करू इच्छीत नाही. आणि दुसरे असे की, न्यायालयाचा निकाल केव्हाही लागो, भट्टी आज पेटवावयाची आहे.

मग दोष कोणाचा? 'शेतकऱ्याचा', असे उत्तर काही कारखानदार खाजगीत देतात. हे उत्तर आम्ही साफ नाकारतो. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस २००८ पासून वीज मोफत आहे, आणि हेस्कॉमच्या भागात एकूण विजेपैकी निम्म्याच्या आसपास वाटा पंपांवर जातो, हे खरे. पण शेतकऱ्यास ती वीज मिळते कशी? दिवसातून काही तास, पुष्कळदा रात्री-अपरात्री, विंचूकाट्यातून जाऊन मोटर चालू करावयाची. २०२३ च्या दुष्काळात तर सात तासांचे पाच तास झाले. ज्यास अशी वीज मिळते त्यास लाभार्थी म्हणून बोट दाखविणे आम्हांस शोभत नाही. खरा दोष मोजमापाच्या अभावात आहे. पंपांस मीटर नाहीत, म्हणून पंपांवर किती वीज गेली हे अंदाजाने ठरते. आणि जेथे अंदाज चालतो तेथे तारांतील गळती, चोरी, गलथानपणा हे सर्व शेतकऱ्याच्या नावावर सहज खपते. वरून सरकारी पाणीयोजना आणि स्थानिक संस्था आपली बिले थकवितात. सरकारचे अनुदान उशिरा आले तर वितरण कंपनी कर्ज काढते आणि त्या कर्जाचे व्याज शेवटी दरात चढते. बदनाम होतो तो नांगरधारी आणि भरतो तो भट्टीवाला. मध्ये ज्यांनी हिशेब ठेवावयाचा ते मोकळेच.

दर कसे ठरतात ह्याचा मासला पाहावयाचा असेल तर पुढील दोन वर्षे पाहा. २०२४ च्या आदेशात आयोगाने लघुदाब उद्योगांचा दर युनिटमागे १ रुपयाने उतरविला. आम्ही तो आदेश वाचला तेव्हा शहाणपण आल्यासारखे वाटले. मार्च २०२५ मध्ये दुसरा आदेश आला: वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन आणि उपदान ह्यांपोटी पहिल्या वर्षी युनिटमागे ३६ पैसे, दुसऱ्या वर्षी ३५, तिसऱ्या वर्षी ३४. निवृत्तिवेतन हा कर्मचाऱ्याचा न्याय्य हक्क आहे, तो त्यास मिळालाच पाहिजे. पण अनेक वर्षांपूर्वीच्या सेवेचे देणे आज वितळणाऱ्या लोखंडाच्या टनावर लादावे, हा कोणता न्याय? ६०० युनिटांवर ३६ पैसे म्हणजे एका टनामागे २१६ रुपये. ज्या धंद्यात किलोमागे पन्नास पैशांसाठी गिऱ्हाईक हातचे जाते, तेथे ही रक्कम लहान नाही.

आमच्या मते सरकारकडे मागावयाची पहिली गोष्ट सवलत नव्हेच. २००३ च्या वीज कायद्याचे ६५ वे कलम सांगते की, सरकारास कोणत्याही वर्गास सवलत द्यावयाची असेल तर तिची रक्कम सरकारने आगाऊ भरावी. एवढे कलम अक्षरशः पाळले जावे. जितकी मोफत वीज तितकी रक्कम तिजोरीतून, तिमाहीच्या तिमाहीस, जाहीर रीतीने. त्याच कायद्याचे ५७ वे कलम पुरवठ्याच्या दर्जाचे मापदंड आणि ते न पाळल्यास ग्राहकास भरपाई ह्यांविषयी आहे. कर्नाटकात सर्व वितरण कंपन्यांचे दर जवळजवळ सारखे आहेत. बेंगळूरच्या कारखान्याइतकाच दर उद्यमबागेचा कारखाना भरतो. दर सारखा तर दर्जाही सारखा हवा. प्रत्येक औद्योगिक फीडरवर महिन्यात किती वेळा आणि किती मिनिटे वीज गेली, ह्याचा तक्ता दर महिन्यास त्या त्या औद्योगिक वसाहतीत लावला जावा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांस खाली उतरविण्याचा ह्याहून सोपा उपाय नाही.

परंतु केवळ मागण्या करून स्वस्थ बसणे आम्हांस मान्य नाही. वाचकांपैकी किती जणांस ठाऊक आहे की, बेळगाव आणि निपाणी ह्यांच्या मधोमध, हुक्केरी तालुक्यात, वीज वितरणाचे काम १९६९ पासून एक सहकारी संस्था करीत आहे? हुक्केरी ग्रामीण विद्युत सहकारी संघ ही देशातील अशा पहिल्या काही संस्थांपैकी एक. तिच्या निवडणुकीत पुढाऱ्यांची जी चुरस होते ती पाहून कोणास हसू येईल, येवो. पण वीज ही ग्राहकांनी स्वतः चालवावयाची गोष्ट आहे, हे त्या तालुक्याने पन्नासहून अधिक वर्षे दाखविले आहे. महाराष्ट्रात त्याच काळी निघालेली श्रीरामपूरची मुळा-प्रवरा संस्था थकबाकीच्या ओझ्याखाली सापडली आणि २०११ मध्ये तिचे काम महावितरणकडे गेले, हा धडाही नजरेआड करू नये. सहकार म्हणजे बिल न भरण्याचा परवाना नव्हे.

आज वितरणाचा परवाना मागण्याचीही गरज नाही. स्वतःच्या वापरासाठी वीजनिर्मिती करण्याची मुभा कायद्याने सहकारी संस्थेसही दिली आहे. प्रकल्पात २६ टक्के मालकी आणि त्यातील ५१ टक्के विजेचा स्वतः वापर, एवढी अट सभासदांनी पाळली की झाले. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी १०० किलोवॉट मागणीच्या ग्राहकासही सूर्य-वाऱ्याची वीज परस्पर घेण्याचा मार्ग मोकळा केला होता. पूर्वी हे फक्त मोठ्या कारखान्यांस शक्य होते. चिकोडी-निपाणीकडील साखर कारखाने उसाच्या भुशावर वीज करतात. उन्हाची तर ह्या भागात वाण नाही. मग वीस फौंड्र्यांनी आणि पन्नास मागधारकांनी एकत्र येऊन आपली वीज आपण का उभी करू नये? ज्या जिल्ह्याने सहकारी साखर कारखाने आणि पतपेढ्या उभ्या केल्या, त्यास हे अवघड का जावे? येथेही सरकारची परीक्षा आहे, कारण अशी वीज आणताना लावले जाणारे वहन आकार आणि अधिभार इतके वाढविता येतात की कायद्याने उघडलेले दार नियमाने बंद व्हावे. ४२ वे कलम अधिभार क्रमाक्रमाने कमी करावयास सांगते. तो कमी होतो की नाही, ह्यावर पहारा ठेवावा लागेल.

आणि पहारा ठेवावयाचा तर जागे राहावे लागते. वीजदर ठरण्यापूर्वी कंपनीचा अर्ज प्रसिद्ध होतो, त्यावर आक्षेप मागविले जातात, जाहीर सुनावणी होते. हेस्कॉमची ही सुनावणी हुबळीस होत आली आहे. तेथे बेळगाव-निपाणीहून जाणारे किती? आक्षेप नोंदविण्याची मुदत गेल्यावर मोर्चा काढणे म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळविणे होय. येत्या सुनावणीपूर्वी उद्यमबागेतील प्रत्येक कारखान्याने वर्षभरातील बिले आणि वीज गेल्याच्या वेळांची वही एकत्र करावी. वडगावच्या मागधारकांनी आणि माणकापूरकरांनी आपली वेगळी वही आणावी. भाषा आड येऊ देऊ नये: आक्षेप मराठीत लिहावा, सोबत कन्नड प्रत जोडावी, आकडे दोन्हींत एकच असतात. सुनावणी बेळगावातही व्हावी अशी मागणी त्याच अर्जात असावी. आणि हुबळीस जाण्याची वेळ आलीच तर मालकांनी एकट्याने जाऊ नये. पाळीवरच्या दोन मोल्डरांना आणि एका कांडीवालीला गाडीत जागा द्यावी, तिचा दिवसाचा पगार न कापता.